एका प्लेला किती पैसे? नव्या गायक-संगीतकारांसाठी काही अनुभव

इंटरनेटवर गाणं एकदा ऐकलं गेलं की तो एक प्ले. अशा एका प्लेला किती पैसे मिळतात, हा प्रश्न कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या स्टुडिओत येणारा जवळजवळ प्रत्येक नवा गायक विचारतो. तसा ठरलेला दरच नसतो. स्पॉटिफायसारखी स्ट्रीमिंग कंपनी, म्हणजे इंटरनेटवर गाणी ऐकवणारी कंपनी, वर्गणीचे आणि जाहिरातींचे पैसे देशवार जमा करते, त्यातला ढोबळमानाने दोन तृतीयांश हिस्सा गाण्यांच्या हक्कदारांसाठी बाजूला काढते आणि एकूण प्लेमध्ये ज्याचा जेवढा वाटा, तेवढी रक्कम त्याला देते. समजा महिन्याला एक कोटी प्ले झाले आणि त्यातले हजार तुमचे, तर त्या रकमेचा दहा हजारावा भाग तुमच्या गाण्याचा. मंगळवार पेठेतला तुमचा चाहता वर्गणी भरून दिवसभर फक्त तुम्हालाच ऐकत असला, तरी त्याची वर्गणी सरळ तुमच्याकडे येत नाही. शिवाय आपल्याकडे बहुतेक जण जाहिराती सोसून फुकट ऐकतात, त्यामुळे मुळात जमा होणारी रक्कमच थोडी. तेच गाणं लंडनमध्ये वर्गणी भरणाऱ्या मराठी माणसानं ऐकलं, तर जास्त येतात.

२०२४ पासून स्पॉटिफायवर आणखी एक अट आली. मागच्या बारा महिन्यांत १००० प्ले न झालेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच, म्हणजे हक्काचे पैसेच, मिळत नाहीत. दहा गाणी एकदम सोडली आणि प्रत्येक सात-आठशेवर अडलं, तर हातात काहीच नाही. म्हणून मी सगळ्यांना एकेक गाणं काढायला सांगतो, आणि तेही दिवस बघून. अंबाबाईचं गाणं नवरात्राच्या आधी, जोतिबाचं चैत्र यात्रेच्या आधी, पोवाडा शिवजयंतीच्या आधी. गाणं किमान तीन-चार आठवडे अगोदर चढवा, म्हणजे स्पॉटिफायसारख्या कंपन्यांच्या प्लेलिस्टसाठी पाठवायला वेळ मिळतो. भक्तिगीताचा मोठा गुण हा की ते दरवर्षी त्याच दिवसांत पुन्हा ऐकलं जातं. सिनेमाच्या गाण्यासारखं महिन्याभरात विरून जात नाही.

लेबलांचं, म्हणजे गाणी काढणाऱ्या संगीत कंपन्यांचं, गणित मात्र पार बदललं. कॅसेटच्या काळात गायकाला एकरकमी बिदागी मिळायची आणि हक्क कंपनीकडे जायचे. कॅसेट छापायला, दुकानात पोचवायला खर्च होता, न खपलेला माल परत यायचा. आता त्याच जुन्या रेकॉर्डिंगवर नवा खर्च जवळजवळ काही नाही आणि पैसे महिन्याला येत राहतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्या कायद्यात ६० वर्षं टिकतो. जुना साठा असलेली लेबलं म्हणूनच तगडी झाली. मोठ्या लेबलांना तर काही स्ट्रीमिंग कंपन्या किमान रकमेची हमीही देतात. जगभरात २०२४ मध्ये ध्वनिमुद्रित संगीताच्या एकूण उत्पन्नातला जवळपास ६९ टक्के वाटा स्ट्रीमिंगचा होता. एवढ्या पैशात नव्या कलाकाराला थोडंच का मिळतं? रेकॉर्डिंगचा मालक दुसराच असतो म्हणून.

इथं मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल हा एक, आणि ते गाणं ज्यात बंद केलं ते रेकॉर्डिंग हा दुसरा. दोन्हींचे पैसे वेगवेगळ्या वाटांनी येतात. डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे तुमचं गाणं स्ट्रीमिंग कंपन्यांवर चढवणाऱ्या मधल्या संस्थेकडून, येतात ते रेकॉर्डिंगचे. शब्द आणि चालीसाठी गीतकार-संगीतकारानं इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं, म्हणजे आयपीआरएसचं, सभासद व्हावं लागतं आणि प्रत्येक गाणं तिथं नोंदवावं लागतं. ही नोंद न करणारे आपल्या भागात फार आहेत, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. इथली मुलं चाली उत्तम बांधतात. २०१२ च्या कायदादुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराच्या रॉयल्टीच्या समान वाट्याचं संरक्षण केलंय. हा वाटा वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो, लेबलला नाही. करारात काहीही लिहिलेलं असो.

करार वाचताना मुदत आणि प्रदेश बघा. हक्क किती वर्षांसाठी दिला हे लिहिलं नसेल, तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. म्हणूनच कंपनीच्या कागदावर ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जग’ हे शब्द छापलेले असतात. परवा एक मुलगा असा कागद घेऊन आला होता. म्हणाला, ‘‘सर, सगळेच सही करत्यात की.’’ मी त्याला वकिलाला दाखवायला लावला. पाच वर्षांची मुदत मागितली, ती मिळाली. मागितल्याशिवाय ती कुणी देत नाही.

पारंपरिक गाण्याची गोष्ट वेगळी. जागरणाची किंवा आरतीची जुनी चाल कुणाच्याच मालकीची नाही, पण तुमचं रेकॉर्डिंग तुमचं. यूट्यूबवर अशा गाण्यावर कधी कधी दुसऱ्याच लेबलचा दावा येतो. घाबरू नका, दाव्याला उत्तर देता येतं. त्यासाठी सेशनची फाइल, तारीख आणि वादकांची नावं जपून ठेवलेली हवीत. गाण्याचा आयएसआरसी क्रमांकही, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहून ठेवा. डिस्ट्रिब्युटर बदलला तरी तोच क्रमांक वापरा, म्हणजे जुने प्ले तुटत नाहीत.

घर चालवायला मात्र अजून कार्यक्रमाची सुपारीच लागते. यात्रा, लग्नं, गणपती, शाळेची स्नेहसंमेलनं. स्ट्रीमिंगमुळे नाव झालं की सुपारीचा आकडा वाढतो, हे मी अनेकांच्या बाबतीत बघितलंय. त्यामुळे नुसत्या प्लेच्या आकड्यावर नोकरी सोडू नका.

आणि हलगी, संबळ, ढोलकीवाल्यांना शिफ्टचे पैसे त्याच दिवशी द्या. रॉयल्टीत त्यांचा वाटा ठरला असेल, तर रेकॉर्डिंगच्या आधी साध्या कागदावर टक्के लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि गाणं चढवताना क्रेडिटच्या रकान्यात त्यांचीही पूर्ण नावं भरा.