परसातल्या कोंबड्यांत रंग आणायचा तर जोडी कशी लावावी

रंगीबेरंगी तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) विकत आणून एकाच खुराड्यात सोडल्या की परस रंगीत होईल, असा बहुतेकांचा समज असतो. पहिले वर्षभर तो खराही वाटतो. पण अशा सरमिसळीतून पुढच्या दोन-तीन पिढ्यांत कुठलाच रंग हातात राहत नाही, आणि कोणत्या पिल्लाने कोणाचे पीस घेतले हे सांगता येत नाही. रंग टिकवायचा असेल तर निवड आधी कोंबड्याची करावी लागते. आठ-दहा कोंबड्यांमागे एकच कोंबडा असल्यामुळे प्रत्येक पिल्लात निम्मा वाटा त्याचा असतो, आणि अंड्याच्या रंगाबाबत तर हा वाटा डोळ्यांना दिसतही नाही, कारण कोंबडा अंडे देत नाही.

आधी अंड्याचा विचार करू. कवचाचे मूळ रंग दोनच आहेत, पांढरा आणि निळा; तपकिरी हा वरून चढणारा लेप आहे. अंडनलिकेच्या शेवटच्या भागात अंडे सुमारे वीस तास असते, तेथे कवच घडते, आणि तपकिरी रंगद्रव्य मुख्यतः अखेरच्या काही तासांत वरच्या थरांवर बसते. त्यामुळे गडद तपकिरी अंडे फोडून आतला पापुद्रा सोलला तर कवच आतून पांढरेच दिसते. निळे रंगद्रव्य मात्र कवचाच्या सबंध जाडीत मुरलेले असते, म्हणून निळे अंडे आतूनही निळेच असते. निळ्या कवचावर तपकिरी लेप चढला की हिरवे किंवा ऑलिव्ह रंगाचे अंडे मिळते.

आपल्याकडे सहज मिळणाऱ्या जातींपैकी व्हाइट लेगहॉर्नचे अंडे पांढरे, आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) आणि ब्लॅक ऑस्ट्रलॉर्पचे तपकिरी, तर गावठी कोंबडीचे बहुधा फिकट बदामी असते. कडकनाथचे मांस काळे असल्यामुळे अंडेही काळे असते, असे सांगून विक्री करणारे भेटतात. कडकनाथचे अंडे फिकट मलईसारखे किंवा बदामी असते, काळे कधीच नसते. निळ्या अंड्यांची प्रसिद्ध जात म्हणजे चिलीमधील अराउकाना. हा निळा रंग एका प्रभावी जनुकामुळे येतो, त्यामुळे आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच आला तरी मुलींच्या अंड्यांत उतरतो. हे जनुक वाटाण्यासारख्या बुटक्या तुऱ्याच्या जनुकाजवळ असल्याने अराउकानाच्या संकरात तो तुरा बघून निळ्या अंड्याचा अंदाज बांधता येतो. पण आपल्या असीललाही तसाच तुरा असतो आणि त्याचा निळ्या अंड्याशी काही संबंध नसतो. त्यामुळे केवळ तुरा दाखवून कोणी ‘निळ्या अंड्याचा कोंबडा’ महाग विकत असेल, तर त्याच्या आईचे अंडे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

तपकिरी छटा एका जनुकावर नव्हे, तर अनेक जनुकांवर अवलंबून असते, म्हणून ती हळूहळू, पिढीगणिक थोडी थोडी गडद करत न्यावी लागते. येथे कोंबड्याची पारख करण्याचे दोनच मार्ग आहेत: तो स्वतः कोणत्या अंड्यातून निघाला याची नोंद, आणि त्याच्या सख्ख्या बहिणींची अंडी. कोणती तलंग कोणते अंडे देते हे कळण्यासाठी तिला रात्री वेगळ्या डालग्याखाली झाकावे आणि अंडे देईपर्यंत, साधारण दुपारपर्यंत, पाणी व दाणा आतच द्यावा. अंड्यावर शिसपेन्सिलीने तारीख आणि तिचा क्रमांक लिहून ठेवावा. तुलना मात्र एकाच आठवड्यातल्या अंड्यांची करावी. एकाच कोंबडीची हंगामातली पहिली अंडी गडद आणि शेवटची फिकी असतात. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळीसच्या वर गेला, की धापा टाकणाऱ्या कोंबडीचे कवच पातळ होते आणि रंगही उतरतो. त्या दिवसांतल्या अंड्यावरून कोणाला बाद ठरवणे अन्यायाचे आहे.

खाद्याने कवचाचा रंग बदलतो हा गैरसमज मोठा आहे. खाद्याने बदलतो तो बलक. आपल्या जिल्ह्यात ज्वारी मुबलक, आणि केवळ ज्वारीवर पोसलेल्या कोंबडीचा बलक फिका पडतो. पिवळा मका, लसूण घास किंवा शेवग्याचा पाला दिला की तो काही दिवसांत केशरी होतो. कवच तसेच राहते.

पिसांच्या रंगाचे गणित पाहायला सर्वांत सोपे आहे ते निळसर राखी रंगाचे. काळा आणि राखी यांची जोडी लावली तर सरासरी निम्मी पिल्ले काळी आणि निम्मी राखी होतात. राखी-राखी जोडीतून चौथा हिस्सा काळा, अर्धा राखी आणि चौथा हिस्सा पांढऱ्यावर राखी शिंतोडे असलेला निघतो. हा शिंतोड्याचा पक्षी पुष्कळजण खराब निघाला म्हणून विकून टाकतात. वास्तविक त्याला काळ्याशी जोडले तर सगळीच पिल्ले राखी निघतात, आणि एवढी हमी दुसरी कुठलीही जोडी देत नाही. दिसायला जवळपास सारखाच असा एक फिका, एकसारखा राखी रंग दुसऱ्याच, अप्रभावी जनुकामुळे येतो. आपल्याकडे कोणता आहे हे ओळखण्यासाठी त्या पक्ष्याची जोडी शुद्ध काळ्याशी लावावी: पहिल्या प्रकारात निम्मी पिल्ले राखी होतील, दुसऱ्या प्रकारात सगळी काळी.

पट्टेरी पिसांचा उपयोग रंगापलीकडे आहे. कोंबडी आपले पट्ट्याचे जनुक फक्त मुलग्यांना देते, मुलींना नाही. म्हणून आरआयआर कोंबडा आणि पट्टेरी प्लायमाउथ रॉक कोंबडी यांची पिल्ले निघताक्षणीच नर-मादी ओळखता येतात: सगळी काळीच असतात, पण नराच्या डोक्यावर फिकट ठिपका असतो. जोडी उलट लावली, म्हणजे कोंबडा पट्टेरी आणि कोंबडी आरआयआर, तर हा फायदा मिळत नाही. लेगहॉर्नचा पांढरा कोंबडा मात्र रंगीत परसात आणूच नये. त्याचे पांढरे जनुक प्रभावी असून काळा रंग झाकून टाकते, आणि एका पिढीत बहुतेक पिल्ले पांढरी, फार तर एखाद-दुसऱ्या काळ्या ठिपक्याची होतात.

येथे आमच्याच दोन चुका सांगतो. पहिल्या वर्षी क्रमांकासाठी टॉवेलच्या मागावरचे रंगीत सूत तलंगांच्या पायांत बांधले. सोलापुरात ते फुकट मिळते आणि दिसायलाही छान दिसले. महिन्याभरात दोघी लंगडू लागल्या तेव्हा वाढत्या पायात सूत रुतून जखम झाल्याचे लक्षात आले. आता सैल प्लास्टिकच्या कड्या वापरतो आणि वाढीच्या काळात दर पंधरवड्याला बदलतो. दुसरी चूक अशी, की शेजारचा कोंबडा हाकलून दुसऱ्याच दिवसापासून उबवणीची अंडी जमवली. कोंबडीच्या शरीरात कोंबड्याचे बीज दोन आठवडे, कधी त्याहून अधिक काळ टिकते. कोंबडा बदलल्यावर पूर्ण तीन आठवड्यांची अंडी खाण्यासाठी काढावीत, चौथ्या आठवड्यापासून उबवणीसाठी जमवावीत. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या तेलुगू स्नेह्याने त्या चुकीच्या अंड्यांतून निघालेल्या पिल्लांकडे पाहून, ‘ही तर त्यांचीच कोडी’, म्हणजे शेजाऱ्यांचीच कोंबडी, एवढाच शेरा दिला होता.

उबवणीला कार्तिकी वारी उरकल्यानंतरचा काळ उत्तम. अंडी टोकाची बाजू खाली करून थंड जागी ठेवावीत आणि आठवड्याच्या आत खुडूक कोंबडीखाली किंवा यंत्रात घालावीत. यंत्रात ३७.५ अंशांच्या आसपास तापमान ठेवावे आणि अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून किमान तीन वेळा फिरवावीत. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. सातव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या उजेडावर अंडे धरले, तर पांढऱ्या कवचातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा स्वच्छ दिसतात. गडद तपकिरी अंड्यातून काहीच दिसत नाही, म्हणून ते रिकामे समजून फेकू नये. दहाव्या दिवशी पुन्हा पाहावे. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पहिल्या आठवड्यातच द्यावी, अन्यथा रंगाची सारी मेहनत एका साथीत जाते.

डिसेंबरात निघालेल्या पिल्लांची पक्की पिसे पाच-सहा महिन्यांत येतात. पारख सावलीतल्या पक्ष्याची करावी, कारण आपल्या उन्हात काळे पीसही तांबूस पडते. बहिणींची पहिली अंडी जून-जुलैत मिळू लागतात आणि नेमका तेव्हाच आखाड येतो. कोंबड्यांना चढा भाव असल्याने घरातील मंडळी सगळेच नर विकण्याची घाई करतात. अशा वेळी नोंदवही पुढ्यात घ्यावी, ज्यांच्या बहिणींनी हवे तसे अंडे दिले आहे त्यांतले दोन नर आधी वेगळ्या खुराड्यात कोंडावेत, आणि मगच गिऱ्हाइकाला अंगणात येऊ द्यावे.