नॅनोकणयुक्त ॲल्युमिनियम संमिश्रांची झीज: या चुका टाळा

ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइड किंवा ॲल्युमिनाचे नॅनोकण मिसळले की काठिण्य वाढते, आणि आर्चर्डच्या नियमानुसार (झीज काठिण्याच्या व्यस्त प्रमाणात असते) काठिण्य वाढले की झीज घटायला हवी. मात्र त्याच नियमातील झीज-गुणांक, म्हणजे झीज किती सहज होते ते सांगणारा आकडा, कणांच्या विखुरणीप्रमाणे बदलतो, याचा विसर पडला की प्रयोग फसतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कणांचे प्रमाण वाढवत नेणे. नॅनोकणांचे पृष्ठफळ वस्तुमानाच्या मानाने प्रचंड असते आणि वितळलेले ॲल्युमिनियम त्यांना सहजी भिजवत नाही, म्हणजे त्यांच्यावर पसरून चिकटत नाही. त्यामुळे त्यांच्या गुठळ्या होतात, त्यांत वायू अडकून सच्छिद्रता वाढते आणि झीज-चाचणीत घर्षणाने सुटलेले कण पिन (संमिश्राचा नमुना) व ती जिच्यावर घासते ती फिरती डिस्क यांच्यामध्ये सापडून दोन्ही पृष्ठभाग खरवडतात. कण आधी तापवून ओलावा घालवावा, कण नीट भिजावेत म्हणून थोडे मॅग्नेशियम मिसळावे आणि नुसत्या ढवळण्यावर न थांबता द्रवधातूला अल्ट्रासोनिक कंपने द्यावीत. सिलिकॉन कार्बाइड वापरताना तापमान विनाकारण चढवू नये, कारण सिलिकॉन कमी असलेल्या मिश्रधातूत ठिसूळ आणि पाण्याने विघटन पावणारे ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होते. एकाच नमुन्यावर काठिण्य जागोजागी फार बदलत असेल, तर झीज-चाचणीची घाई न करता आधी सूक्ष्मरचना तपासावी.

चाचणीतील चुका साध्या असतात, म्हणूनच त्या नजरेतून सुटतात. डिस्कवरील घर्षणमार्गाचा व्यास १०० मिलिमीटरवरून ६० मिलिमीटर केला आणि फेरे मिनिटाला २०० च ठेवले, तर घर्षणवेग सेकंदाला १.०५ मीटरवरून ०.६३ मीटरवर येतो. अशा दोन निकालांची तुलनाच होऊ शकत नाही. पिनच्या वजनातील घट काही मिलिग्रॅमच असते, त्यामुळे पिन ॲसिटोनने धुऊन व पूर्ण वाळवूनच तोलावी. वस्तुमानावरून घनफळ काढताना पुस्तकी घनता न वापरता आर्किमिडीज पद्धतीने (नमुना हवेत व द्रवात तोलून) मोजलेली घनता घ्यावी.

क्वचित पिनचे वजन घटण्याऐवजी वाढते. हा तराजूचा दोष असेलच असे नाही: पोलादी डिस्कवरील लोह पिनवर चढून ऑक्साइडमिश्रित थर तयार होतो, आणि तो टिकून असेपर्यंत खालच्या धातूला संरक्षण मिळते. भार किंवा वेग वाढल्यावर हा थर फुटला की झीज एकदम उसळते. म्हणून एकाच भारावरील निकालावरून निष्कर्ष काढू नये आणि प्रत्येक चाचणीनंतर झिजेची भुकटी जपून ठेवावी. बारीक, काळसर भुकटी सहसा सौम्य झीज दाखवते, तर मोठे चकचकीत पापुद्रे दिसू लागले की तीव्र झीज सुरू झाली असे समजावे.