व्हिएतनामला निघालात? या चुका टाळा

व्हिएतनामची सहल बिघडते ती बहुतेक वेळा घरी बसूनच, व्हिसाचा फॉर्म भरताना आणि तारखा ठरवताना. तिथे पोचल्यावर होणाऱ्या चुका बहुधा थोड्या पैशांत निस्तरता येतात. घरून झालेल्या चुकांचं तसं नसतं, म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

व्हिसाचा फॉर्म घाईत भरणे

भारतीय पासपोर्टवर व्हिएतनामला जायला व्हिसा लागतो. ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. शुल्क एका प्रवेशासाठी २५ डॉलर आणि अनेक प्रवेशांसाठी ५०. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या कितीतरी साइट्स सरकारी वाटतात, पण त्या एजंटांच्या असतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. खऱ्या साइटचा पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट व्हीएन’ने संपतो. तेवढं तपासूनच कार्डचा नंबर टाका.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. मराठी नावात स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असतं. पासपोर्टवर पहिली दोन नावं एकाच रकान्यात छापलेली असतात. तिकीट काढताना मधलं नाव गळतं आणि व्हिसाच्या फॉर्ममध्ये कधी ते आडनावाच्या जागी जाऊन बसतं. लग्नानंतर पासपोर्ट न बदललेल्या बायकांच्या बाबतीत तर पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि तिकीट सासरच्या, हे हमखास घडतं. उपाय एकच. पासपोर्ट उघडून समोर ठेवा आणि त्यावर जे आणि जसं छापलंय तेच अक्षर न अक्षर फॉर्मवर आणि तिकिटावर उतरवा. आधार कार्ड, पॅन कार्ड या कामात बघूच नका.

व्हिसा हातात आला की नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि प्रवेशाची तारीख अशा चार गोष्टी लगेच ताडून पाहा. चूक सापडली तर ‘विमानतळावर समजावून सांगू’ या भरवशावर राहू नका, कारण मुंबईतच चेक-इन काउंटरवर अडवतात. अशा वेळी पुन्हा पैसे भरून नवा अर्ज करणं हाच खात्रीचा मार्ग आहे. कामकाजाचे तीन दिवस लागतात असं म्हणतात, पण मधे सुट्ट्या आल्या की ते लांबतं. म्हणून निदान तीन आठवडे हाताशी ठेवून अर्ज करा. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी उरलेली हवी.

अंगकोर वाटची मंदिरं पाहायला मधेच कंबोडियात जाऊन परत व्हिएतनामला येणार असाल, तर अनेक प्रवेशांचाच व्हिसा घ्या. एका प्रवेशाचा व्हिसा देशाबाहेर पाऊल पडताच संपतो.

आपल्या सुट्टीवरून तिथला ऋतू ठरवणे

आपला पावसाळा संपला की तिथलाही संपला असेल, असं गृहीत धरून दिवाळीच्या सुट्टीत लोक दा नांग आणि होई आनचं बुकिंग करतात. नेमका तेव्हाच मध्य व्हिएतनामचा पावसाळा ऐन भरात असतो. समुद्रावरून येणारे ईशान्येचे वारे त्रुओंग सोन पर्वतरांगेला धडकतात, त्यात वादळांची भर पडते आणि साधारण सप्टेंबर अखेरपासून डिसेंबरपर्यंत ह्युए, दा नांग, होई आन हा पट्टा झोडपला जातो. होई आनचं जुनं गाव थू बोन नदीच्या अगदी काठावर आहे, त्यामुळे पाणी थेट गल्ल्यांत शिरतं. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात ह्युए आणि होई आनला मोठा पूर आला होता. होई आनच्या रस्त्यांवरच्या कंदिलांचे फोटो काढायला गेलेल्या माणसाने तिथे गुडघाभर पाण्यात उभं राहावं आणि वर हॉटेलचे पैसेही गमवावेत, याचं मला फार वाईट वाटतं. कारण दिवाळीच्या त्याच दिवसांत उत्तरेकडच्या हनोई आणि निन्ह बिन्हमध्ये वर्षातली सगळ्यात छान हवा असते.

तेव्हा दिवाळीत जायचं असेल तर उत्तर भाग धरा. मे महिन्याच्या सुट्टीत दा नांगचे किनारे चांगले असतात, ऊन मात्र आपल्याइतकंच कडक. नाताळात दक्षिण भाग आणि फु क्वोक बेट कोरडं असतं. त्याच वेळी उत्तरेतल्या ‘सापा’ या डोंगरी गावाला जाणार असाल तर स्वेटर नाही, जाड जॅकेट घ्या. तिथे थंडीत पारा शून्याजवळ उतरतो. उत्तरेतल्या ‘हा लाँग बे’ या खाडीवर जानेवारी ते मार्च धुकं असतं, तर जून ते सप्टेंबर वादळांचा काळ. वादळाचा इशारा आला की बोटी बंद करतात. बुकिंग करतानाच ‘बोट सुटली नाही तर पैसे परत मिळतील का’ हे लेखी विचारून ठेवा. बोट रद्द झाली तर वाद घालू नका, कारण तो निर्णय तुमच्या जिवासाठी असतो.

आणि तेत. हे तिथलं चांद्र नववर्ष, जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येतं. सारा देश गावी जातो, रेल्वे आणि विमानं भरतात, बरीच छोटी दुकानं आणि खाणावळी बंद असतात. त्या आठवड्यात पहिल्यांदा जाणाऱ्याने जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका आठवड्यात अख्खा देश

हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा रेल्वेमार्ग सतराशे किलोमीटरहून लांब आहे आणि गाडीला तीस तासांच्या वर लागतात. सात दिवसांत हनोई, हा लाँग, सापा, दा नांग, होई आन आणि हो ची मिन्ह सिटी बसवलेला कार्यक्रम कागदावर छान दिसतो, प्रत्यक्षात विमानतळ आणि बसच पाहून होतात. आठवडाभर असेल तर दोन भाग घ्या. होई आनला विमानतळ नाही आणि रेल्वे स्टेशनही नाही. दा नांगला उतरून तीसेक किलोमीटर गाडीने जावं लागतं. देशांतर्गत स्वस्त विमानांत हातातलं सामान बहुधा सात किलोच चालतं आणि ते खरोखर वजन करतात.

नोटांचा गोंधळ

तिथलं चलन डाँग. २० हजार आणि ५ लाख डाँगची नोट, दोन्ही निळसर. रात्री टॅक्सीत घाईने पैसे देताना फसगत होते ती इथेच. मोठ्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा आणि नोट देताना आकडा तोंडाने बोला. मेन्यूवर ‘५० के’ लिहिलं असेल तर ते ५० हजार. शेवटची तीन शून्यं काढून साडेतीनने गुणलं की रुपयांचा ढोबळ अंदाज येतो. नेताना डॉलर न्या, न फाटलेले, न खरडलेले. ते बँकेत किंवा परवानाधारक ठिकाणीच बदला. पाच हजार डॉलरपेक्षा जास्त रोख असेल तर विमानतळावर जाहीर करावी लागते.

टॅक्सीसाठी ग्रॅब ॲप भारतातूनच उतरवून आपल्या नंबरवर नोंदणी करून जा, कारण तिथलं सिम घातल्यावर ओटीपी कुठे येणार हा प्रश्न पडतो. भारतीय कार्ड चाललं नाही तर रोखीचा पर्याय निवडा.

‘भाज्या आहेत’ म्हणजे शाकाहारी नव्हे

नुओक माम, म्हणजे माशांचं आंबवलेलं पाणी, तिथल्या रोजच्या स्वयंपाकात मीठासारखं पडतं. भाजीतही, चटणीतही. फो या नूडल सुपाचा रस्सा हाडांचा असतो, वरून मांस काढलं तरी. शाकाहारी लोकांनी ‘चाय’ लिहिलेल्या पाटीच्या खाणावळी शोधाव्यात. बौद्ध परंपरेमुळे त्या जवळपास प्रत्येक शहरात आहेत आणि स्वस्तही आहेत. ‘मी मांस, मासे, अंडी आणि नुओक माम खात नाही’ हे वाक्य व्हिएतनामी लिपीत फोनवर सेव्ह करून दाखवा. इंग्रजीत विचारलेल्या ‘व्हेज?’ला मान हलली म्हणून खायला बसू नका.

स्कूटर

या बाबतीत मी हट्टी आहे. आपल्याकडे मिळणारा वाहन चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारावरचा, तर व्हिएतनाम मानतो तो १९६८ चा. म्हणजे भाड्याने मिळाली तरी नेहमीची स्कूटर चालवणं तिथे बेकायदा ठरतं. जानेवारी २०२५ पासून दंडही बरेच वाढलेत. पण खरा धोका विम्याचा आहे. अपघात झाला तर वैध परवाना नसल्याचं कारण दाखवून कंपनी दावा नाकारू शकते. उत्तरेतल्या ‘हा जियांग’ भागातल्या डोंगरात जायचंच असेल तर स्थानिक चालकाच्या मागे बसून जा, पैसे थोडे जास्त लागतील आणि दरीही नीट बघता येईल.

पासपोर्ट हरवला तर

आधी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. मग हनोईतला भारतीय दूतावास किंवा हो ची मिन्ह सिटीतला महावाणिज्य दूतावास गाठा. तिथून घरी परतण्यापुरतं तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. एवढ्याने काम होत नाही. पासपोर्टबरोबर व्हिसाची नोंदही गेलेली असते, म्हणून व्हिएतनामच्या इमिग्रेशन कार्यालयातून बाहेर पडण्याची परवानगीही घ्यावी लागते. ती मिळेपर्यंत परतीचं तिकीट नक्की करू नका. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती, दोन फोटो आणि हॉटेलची पावती वेगळ्या बॅगेत असेल तर हे सगळं लवकर उरकतं. तिथे पोलिसांचा नंबर ११३ आणि रुग्णवाहिकेचा ११५.