स्नॅपशॉटवरून पोस्टग्रेसची प्रत काढताना

महापे येथील आमच्या कार्यालयात चाचणी करणाऱ्यांना दर सोमवारी पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीतील आमच्या डेटाबेसची ताजी प्रत लागते. शेकडो जीबींचा डंप (डेटाबेसमधल्या साऱ्या मजकुराची निर्यात) काढून तो पुन्हा भरायचा तर रात्र जाते. लिनक्सवर डिस्कची जागा वाटणाऱ्या एलव्हीएमच्या स्नॅपशॉटवरून, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणीच्या गोठवलेल्या स्थितीवरून, तीच प्रत, ठाण्याहून सुटलेली लोकल घणसोलीला पोचेपर्यंत उभी राहते.

प्रथम एक गोष्ट पडताळावी. डेटा डिरेक्टरी, वॉल फाइली (प्रत्येक बदलाची आधी नोंद ठेवणाऱ्या) आणि असल्यास वेगळ्या टेबलस्पेस (तक्ते ठेवण्याच्या निराळ्या जागा) हे सारे एकाच लॉजिकल व्हॉल्यूमवर, म्हणजे एलव्हीएमने आखलेल्या डिस्कच्या एकाच भागावर असले, तरच चालू डेटाबेस न थांबवता घेतलेला स्नॅपशॉट सुसंगत असतो. अचानक वीज गेल्यावर डिस्क ज्या स्थितीत असते, तीच स्थिती त्यात उतरते आणि तिच्यातून सावरणे पोस्टग्रेसला येते. या गोष्टी वेगवेगळ्या व्हॉल्यूमवर विखुरलेल्या असतील, तर ही पद्धत वापरू नये.

‘व्हीजीएस’ या आज्ञेने व्हॉल्यूम ग्रुपमधील (ज्या साठ्यातून हे व्हॉल्यूम आखले जातात त्यातील) मोकळी जागा पाहून ‘एलव्हीक्रिएट’ चालवावी व तिला स्नॅपशॉटचा पर्याय, आकार, नाव आणि मूळ व्हॉल्यूम द्यावा. इथला आकार डेटाबेसचा नसून, प्रत वापरात असेपर्यंत मूळ व्हॉल्यूमवर आणि प्रतीत होणाऱ्या बदलांचा असतो, म्हणून तो सढळ ठेवावा. ही जागा भरली की स्नॅपशॉट बाद होतो आणि मग तो परत मिळवता येत नाही. ती किती भरली हे ‘एलव्हीएस’ टक्क्यांत दाखवते. पुढे स्नॅपशॉट वेगळ्या डिरेक्टरीवर माउंट करावा, म्हणजे जोडावा. फाइल सिस्टिम एक्सएफएस असेल तर ‘नोयूयूआयडी’ हा पर्याय आवश्यक आहे, कारण मूळ आणि प्रत यांची ओळख (यूयूआयडी) एकच असते.

ओळख एकच असणे हाच या कामातला खरा धोका आहे, कारण सुरू होणारी प्रत स्वतःला मूळ डेटाबेसच समजते. एकदा आमच्याकडे ‘आर्काइव्ह_मोड’ (वॉल फाइली वेगळ्या संग्रहात पाठवण्याची सोय) चालू ठेवूनच प्रत सुरू केली गेली. टाइमलाइन (डेटाबेसच्या इतिहासाच्या शाखेचा क्रमांक, जो फाइलीच्या नावात येतो) एकच असल्याने तिच्या वॉल फाइलींची नावे मूळ डेटाबेसच्या फाइलींसारखीच निघाली आणि त्या संग्रहात आधी जाऊन बसल्या. नाव आधीच असल्यास फाइल नाकारावी असे संग्रहाच्या आज्ञेत, योग्यच, लिहिलेले होते; त्यामुळे मूळ डेटाबेसच्या खऱ्या फाइली नाकारल्या गेल्या आणि त्याच्या ‘पीजी_वॉल’ या वॉल फाइलींच्या डिरेक्टरीत साचत राहिल्या. डिस्क भरत आल्याचा इशारा आला तेव्हा कुठे हे ध्यानात आले.

म्हणून सुरू करण्यापूर्वी, प्रतीच्या डिरेक्टरीत आहोत याची ‘पीडब्ल्यूडी’ या आज्ञेने खात्री करून, ‘पोस्टमास्टर.पीआयडी’ ही सर्व्हर चालू असल्याची खूण असलेली फाइल काढावी. स्नॅपशॉट स्टँडबायचा (मूळ डेटाबेसचे बदल सतत घेत राहणाऱ्या राखीव सर्व्हरचा) असल्यास ‘स्टँडबाय.सिग्नल’ही काढावी. मग ‘पीजी_सीटीएल’ या सर्व्हर सुरू-बंद करणाऱ्या आज्ञेला प्रतीची डिरेक्टरी देऊन सुरू करतानाच पोर्ट ५४३३ (मूळ डेटाबेसपेक्षा वेगळे), ‘आर्काइव्ह_मोड’ बंद आणि ‘मॅक्स_लॉजिकल_रेप्लिकेशन_वर्कर्स’ (दुसऱ्या डेटाबेसमधून बदल आणणाऱ्या प्रक्रियांची कमाल संख्या) शून्य असे पर्याय द्यावेत. केवळ ‘पोस्टग्रेस्क्यूएल.कॉन्फ’ या सेटिंगच्या फाइलीत बदल करून भागत नाही, कारण ‘ऑल्टर सिस्टिम’ या डेटाबेसच्या आतून दिलेल्या आज्ञेने केलेल्या नोंदी ‘पोस्टग्रेस्क्यूएल.ऑटो.कॉन्फ’मध्ये असतात आणि त्या वरचढ ठरतात. आज्ञेसोबत दिलेले पर्याय मात्र दोन्हींवर मात करतात.

लॉगमध्ये डेटाबेस नीट बंद झाला नव्हता अशी ओळ दिसेल. ती अपेक्षितच आहे. तिच्यानंतर जोडण्या स्वीकारण्यास तयार असल्याची ओळ आली पाहिजे. ‘पीएसक्यूएल’ने (पोस्टग्रेसला प्रश्न विचारायच्या साधनाने) ५४३३ वर जाऊन सर्वांत अलीकडच्या नोंदीची वेळ पाहावी. ग्राहकांची नावे, फोन क्रमांक व ईमेल पत्ते बदलल्याशिवाय ही प्रत कोणाच्याही हाती देऊ नये. ती माणसे खरी आहेत.

काम संपल्यावर प्रत बंद करून, अनमाउंट करून ‘एलव्हीरिमूव्ह’ने स्नॅपशॉट त्याच दिवशी काढावा. तो असेपर्यंत मूळ व्हॉल्यूमवरील प्रत्येक भागात पहिल्यांदा लिहिताना जुना मजकूर आधी बाजूला उतरवला जातो आणि त्या संथपणाचा भार चालू ग्राहकांवर पडतो.