लिथियम चालू असेल तर लेव्हल टेस्ट आणि पाणी-मीठ कसं सांभाळायचं

बायपोलरसाठी (मूड टोकाला चढण्या-उतरण्याचा आजार) लिथियम चालू असेल तर नुसती गोळी वेळेवर घेऊन भागत नाही, रक्तातली लेव्हलपण सांभाळावी लागते, कारण फायदा होतो ती लेव्हल आणि त्रास होतो ती, यात अंतर फार कमी आहे. बहुतेकांची ०.६ ते १.० mmol/L मध्ये ठेवतात, १.५ च्या वर म्हणजे धोका.

टेस्ट शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी. रात्री ९ ला गोळी घेतली तर सकाळी ९ ला रक्त द्यायचं, सकाळचा डोस असेल तर तो सोबत न्यायचा आणि रक्त दिल्यावरच घ्यायचा, नाहीतर आकडा उगाच जास्त येतो. लॅबवाल्याला आधीच सांगा की लिथियम लेव्हल आहे, कारण हिरव्या झाकणाच्या काही ट्यूबमध्ये लिथियम हेपरिनच असतं, त्यात रक्त घेतलं तर रिपोर्ट चुकीचा येणारच. क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट), टीएसएच (थायरॉइडची), कॅल्शियम साधारण दर सहा महिन्यांनी.

आता पाणी-मीठ, मुंबईत हे फार महत्त्वाचं. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की किडनी लिथियम बाहेर टाकायचं कमी करते आणि तोच डोस असूनही लेव्हल चढते. ऑक्टोबर हीटमध्ये गच्च भरलेल्या लोकलने जाऊन-येऊन अंगातून धारा लागतात ना, तेव्हा बाटली बॅगेत हवीच. मीठ एकदम बंद करू नका, वाढवूही नका, रोजचं जेवण आहे तसंच ठेवा. हरतालिकेचा निर्जळ उपवास करूच नका, घरच्यांना स्पष्ट सांगा की औषध आहे, देव काही रागावत नाही. पावसाळ्यात जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून पुढचा डोस घ्यायचा की थांबवायचा ते विचारा.

कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणू नका, दोन्हीने लेव्हल वाढते (कॉम्बिफ्लाममध्येपण आयब्युप्रोफेन आहे). पॅरासिटामॉल चालतं. बीपीची नवीन गोळी लिहून देत असतील तर लिथियम चालू आहे हे आधी सांगा. डोस विसरलात तर डबल नको, आणि बरं वाटतंय म्हणून मनानेच बंद तर अजिबात नको, आजार जोरात उलटतो.

हात थोडे थरथरणं, तहान जास्त लागणं बऱ्याच जणांना होतं, पुढच्या भेटीत सांगितलं तरी चालेल. पण हात जोरात थरथरायला लागले, जीभ जड झाली, चालताना तोल जातोय, सारखी झोप येतेय, तर गोळी थांबवून सरळ हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, गोळ्यांची स्ट्रिप आणि शेवटचा लेव्हलचा रिपोर्ट सोबत न्या.