वीज पडावी तशी डोकेदुखी: मेंदूच्या वाहिन्यांच्या स्कॅनमध्ये या चुका टाळा

आरसीव्हीएस, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकसण्याचा आजार, बहुधा असा सुरू होतो: डोक्यात मिनिटभरात शिगेला पोचणारी कळ येते. जत किंवा आटपाडीहून पेशंट मिरजेला पोचेपर्यंत ती ओसरलेली असते, साधा सीटी नॉर्मल निघतो आणि मायग्रेनच्या गोळीवर घरी पाठवणी होते. साधा सीटी रक्तस्राव दाखवतो, वाहिनी किती आकसली ते नाही. त्यासाठी त्याच भेटीत सीटी अँजिओग्राफी (इंजेक्शन देऊन वाहिन्या दाखवणारा सीटी) हवी. वाहिनीच्या भिंतीला फुगा (अॅन्युरिझम) आलेला नाही ना, हेही तिच्यातच कळतं. शिवाय ट्रिप्टान किंवा एर्गोट गटातली मायग्रेनची गोळी वाहिन्या आणखी आकसवते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती अँजिओग्राफी नॉर्मल आली म्हणून फाईल बंद केल्यावर. आरसीव्हीएसमध्ये आकुंचन आधी टोकाच्या बारीक फांद्यांत सुरू होतं आणि त्या स्कॅनमध्ये नीट दिसतच नाहीत. मोठ्या वाहिन्यांपर्यंत ते यायला आठवडा-दोन आठवडे जातात. म्हणून दुखणं कोणत्या तारखेला सुरू झालं ते मागणीच्या कागदावर लिहा आणि साधारण आठवड्याने स्कॅन पुन्हा करा. मधेच हातपाय लुळा पडला, बोबडी वळली किंवा फिट आली, तर त्याच दिवशी.

उलटी चूकही होते. इंजेक्शनशिवायच्या एमआर अँजिओत (एमआरआयने वाहिन्या बघण्याच्या स्कॅनमध्ये) डोकं हललं किंवा वळणावर प्रवाह मंदावला, की नसलेलं आकुंचन दिसतं. फिरवून दाखवलेल्या सुबक चित्रावर विसंबू नका, मूळ काप बघा.

जागोजागी आकसलेली वाहिनी मण्यांच्या माळेसारखी दिसली की घाईने स्टिरॉइड सुरू होतं, कारण वाहिनीदाहातही (वाहिनीच्या भिंतीला सूज येते त्या आजारातही) असंच चित्र दिसतं. आरसीव्हीएसमध्ये मात्र स्टिरॉइडने पेशंट बिघडल्याच्या नोंदी आहेत. शंका असेल तर 3 टेस्ला ताकदीच्या मशीनवर वाहिनीच्या भिंतीचा एमआरआय कॉन्ट्रास्टसह करावा: दाहात भिंत सहसा ठळक उजळते, आरसीव्हीएसमध्ये उजळत नाही किंवा जेमतेम उजळते.

बाळंतिणीच्या डोकेदुखीचं खापर भुलीसाठी पाठीत दिलेल्या सुईवर फोडण्याआधी एवढं विचारा: आडवं झाल्यावर कमी होतं का? सुईचं दुखणं कमी होतं. आणि वाहिन्या आकसवू शकणाऱ्या गोष्टींची, म्हणजे नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, नैराश्याची काही औषधं, गांजा यांची चौकशी स्कॅनआधीच करा. लोक सर्दीच्या गोळीला औषध समजत नाहीत, आपणहून सांगत नाहीत.

निदान पक्कं होतं ते 3 महिन्यांच्या आत वाहिन्या मोकळ्या झालेल्या दिसल्यावर. तो स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने करा. पेशंटला फिल्मसोबत सीडी द्या. एसटीत दुमडून आलेल्या फिल्मवर वाहिनीची रुंदी मोजता येत नाही.