जुन्या इमारतीत किचन कॅबिनेटचं माप घेताना

जुन्या भिंती क्वचितच ओळंब्यात (म्हणजे अगदी सरळ उभ्या) असतात, म्हणून रुंदीचं एकच माप घेऊन ऑर्डर देऊ नका. जमिनीलगत, ओट्याच्या उंचीला (साधारण ८५ सेंमी) आणि वरच्या कॅबिनेटच्या पातळीला (१५० सेंमी) अशी तीन मापं घ्या आणि सगळ्यात कमी भरेल ते धरा. मापं नवा गिलावा आणि टाइल्स झाल्यावरच. आधी घेतलीत तर दोन्ही बाजू मिळून तीन-चार सेंमी सहज जातात आणि शेवटचं कॅबिनेट बसतच नाही.

कोपरा गुण्यात (म्हणजे बरोबर ९० अंशांत) आहे का, तेही बघा. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ९० सेंमीला, दुसरीवर १२० सेंमीला खूण करा. खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर १५० भरायला हवं. कमी-जास्त भरलं तर भिंतीला टेकणाऱ्या टोकाला ३ ते ५ सेंमीची फिलर पट्टी (कॅबिनेट आणि भिंतीमधली फट भरणारी पट्टी) ठेवा. ही पट्टी भिंतीच्या वळणाप्रमाणे तासता येते, कॅबिनेट तासता येत नाही. शिवाय तिच्याशिवाय कडेचा ड्रॉवर दाराच्या चौकटीला अडकतो.

फरशीचा सर्वांत उंच बिंदू पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने शोधा आणि लेव्हल तिथूनच धरा. खोलगट जागी कॅबिनेटचे पाय फिरवून वाढवता येतात, उंचवट्यावर मात्र ठरावीक मर्यादेखाली येत नाहीत.

वरची कॅबिनेट टांगण्याआधी भिंत ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलाय. तिथे अँकर (कॅबिनेट टांगायला भिंतीत बसवायचा बोल्ट) धरणार नाही.